वीस वार कापड आणि हजार विड्या

मे महिन्यात एका संध्याकाळी सातच्या सुमाराला लाईट गेली ती काही लवकर येईना. आमच्या सोलापुरात मेमध्ये दिवसा घरात बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही, भिंतीला हात लावला तरी चटका बसतोय, त्यामुळं सगळी गल्ली बाहेर कट्ट्यावर येऊन बसलेली, कुणी पदरानं वारा घेतंय, कुणी एमएसईबीच्या नावानं बोटं मोडतंय. शेजारचा पोरगा एमपीएससी करतोय. तो वही आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, जरा प्रश्न विचारा की, ह्याची रिव्हिजन राहिलीय." वहीवर निळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, विचारवंत. आत प्रत्येकाला अर्धं पान. वर नाव, खाली जन्म आणि मृत्यू, मग ग्रंथ, मग संकल्पना, मग दोन अवतरणं आणि तळाला लाल पेननं, मागच्या कुठल्या परीक्षेत काय आलं होतं ते. मी विचारत गेले, तो सांगत गेला. मार्क्स? १८१८ ते १८८३, दास कॅपिटल १८६७, वर्गसंघर्ष, वरकड मूल्य, धर्म ही अफूची गोळी. फ्रॉइड? फुले? नीत्शे? धडाधड. एक चूक नाही. मी मध्येच वहीत नसलेलं विचारलं, "अरे पण वरकड मूल्य म्हणजे काय रे?" तर त्यानं एका श्वासात व्याख्या म्हणून दाखवली आणि म्हणाला, "पुढचं विचारा काकू." व्याख्यासुद्धा बरोबर होती. तेवढ्यात लाईट आली, गल्लीतली पोरं "आलीऽऽ" करून ओरडली, तो वही मिटून घरात गेला आणि मी तिथंच बसून राहिले.

मला नेमकं काय खटकलं ते लवकर कळेना. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. बाप रिक्षा चालवतो, आई शिवण करते, पोस्ट निघाली तर घर उभं राहणार आहे, अशा पोराला "बाबा रे, मूळ ग्रंथ वाच" म्हणून उपदेश करणं हे पगारी माणसाचे चोचले झाले. त्याला मार्क पाहिजेत आणि मार्क त्या वहीतून मिळतात, विषय संपला. तरी ते अर्ध्या-अर्ध्या पानात बसलेले एवढे मोठे लोक काही डोक्यातून जाईनात. इतकी भांडणं केलेली माणसं, ज्यांच्यामुळं सरकारं घाबरली, पुस्तकांवर बंदी आली, घरात बापलेकांचं बोलणं बंद झालं, ती त्या वहीत एकमेकांशेजारी अगदी गुण्यागोविंदानं नांदत होती.

आणि मग विचार केला, माझी तरी ह्यांच्याशी ओळख कशी झाली?

चौकात झाली. आपल्याकडं विचारवंत आधी चौकात भेटतो, मग कॅलेंडरवर, मग शाळेच्या भाषणात, आणि पुस्तकात भेटलाच तर सगळ्यात शेवटी. लहानपणी चार पुतळ्यांपाशी उतरायचं, अमक्या पुतळ्यापासून डावीकडं वळायचं, अशीच सगळी ओळख. आमच्या घरात गांधींचा फोटो, मैत्रिणीच्या घरात बाबासाहेबांचा, युनियनच्या ऑफिसात मार्क्स आणि लेनिन, एक मोठ्या दाढीचा आणि एक बारीक दाढीचा. पूर्व भागात, कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या पोरीला लाल झेंडा काय नवा नव्हता, मोर्चा निघाला की शाळा लवकर सुटायची म्हणून आवडायचासुद्धा. पण त्या दाढीवाल्यानं नेमकं काय लिहिलंय हे कुणी सांगितलं नाही आणि विचारावं असंही कधी वाटलं नाही. फोटोला हार असला की त्या माणसाचं वाचायची गरज राहिलेली नाही असं एक घराघरात ठरलेलंच असतं.

नोकरी लागल्यावर पुण्यात अप्पा बळवंत चौकातनं मी कॅपिटलचा पहिला खंड आणला, इंग्रजी, सेकंडहँड, उशाला घेता येईल एवढा जाड. पहिल्या प्रकरणातच माझी गाडी रुतली. वीस वार लिनन म्हणजे एक कोट. मग एक कोट म्हणजे वीस वार लिनन. मग पुन्हा तेच उलटं, मग त्यात चहा, कॉफी, लोखंड, सोनं येतंय. मी बँकेत काम करते, आकड्यांची मला भीती नाही, आणि कापडाच्या गावची आहे म्हणजे वार आणि मीटरचं तर आईच्या दुधाबरोबर आलेलं, तरी मला काही उमगेना की हा माणूस एका कोटामागं एवढा का लागलाय. पुस्तक कपाटात गेलं. बऱ्याच वर्षांनी कुठंतरी वाचलं की खुद्द मार्क्सलाच ह्याची कल्पना होती. १८६७ च्या नोव्हेंबरात त्यानं कुगेलमान नावाच्या डॉक्टर मित्राला पत्रात लिहिलंय की तुमच्या बायकोला सांगा, कामाच्या दिवसाचं प्रकरण, मग सहकार्य-श्रमविभागणी-यंत्रं हा भाग आणि शेवटचं ते मूळ भांडवल कसं जमा झालं त्याचं प्रकरण, हे आधी वाचा, ते लगेच वाचता येण्यासारखं आहे. (अवघड शब्द तेवढे तुम्ही तिला समजावून सांगा असंही पुढं आहेच. जगाची उलथापालथ करायला निघालेला माणूस, पण बायकोला समजावून सांगायचं काम नवऱ्याकडंच.) पुढं फ्रान्समध्ये अल्थुसेर नावाच्या मार्क्सच्याच एका पंडितानं तर सरळ सांगितलं की पहिला भाग सोडा, दुसऱ्यापासून सुरू करा, नंतर परत या. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं. आपल्यावर शाळेनं एक दडपण घालून ठेवलंय की पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायचं, मधनं उघडलं तर ती चोरी. अरे, लिहिणारा माणूसच म्हणतोय की मधनं घुसा!

मी घुसले ते मात्र त्यानं सांगितलेल्या दारातनं नाही. पानं उलटताना एकविसावं प्रकरण दिसलं, नगावर मिळणाऱ्या मजुरीचं, आणि मला एकदम अक्का आठवली.

अक्का म्हणजे आमच्या जुन्या घराशेजारची, तेलुगू बोलणारी, माझ्या आईपेक्षा थोडी मोठी. विड्या वळायची. रात्री पान भिजत घालायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्या मापानं कात्रीनं कापायचं, सुपात तंबाखू, मांडीवर सूप, आणि मग हात सुरू. बोटं चालायची आणि तोंडपण चालायचं, मला पाढे म्हणायला लावायची आणि मी चुकले की विडीवरनं नजर न काढता "पुन्हा म्हण" म्हणायची. तिच्या अंगाला, पोराबाळांच्या कपड्याला, अगदी त्यांच्या घरच्या भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास यायचा, मला तो वास तेव्हा आवडायचा, आता आठवला की छातीत काहीतरी होतं कारण तिचा खोकला पण त्याच वासातला. विड्या कारखान्यात घेऊन जायची तेव्हा मी कधी कधी सोबत जायचे. तिथं तपासणारा माणूस विड्यांचे कट्टे हातात घेऊन दाबून बघायचा, ही ढिली, ही बारीक, हिचं तोंड नीट मोडलेलं नाही, आणि बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत, आणि ती विडी परतपण मिळायची नाही. हजाराच्या वर वळून न्याव्या लागायच्या तेव्हा कुठं हजार भरायच्या. अक्का त्याच्यावर कधी चिडलेली मी बघितली नाही. परत येताना फक्त म्हणायची, "आज पान खराब होतं." पान कंपनीनं दिलेलं, आणि खराब पानाचा भुर्दंड हिला, हे मला त्या वयात दिसत होतं पण त्याला काही म्हणतात हे माहीत नव्हतं.

तर त्या प्रकरणात मार्क्स म्हणतो की नगावर मजुरी दिली की कामावर लक्ष ठेवायला माणूस लागत नाही, कारण कामाचा दर्जा त्या मालावरनंच तपासता येतो, माल ठरल्याएवढा चांगला नसेल तर पैसे कापायचे, आणि ही पद्धत म्हणजे मजुरी कापायचं एक सुपीक साधन आहे. शिवाय जास्त वेळ काम करण्यात मजुराला स्वतःचाच फायदा दिसायला लागतो, त्याला कुणी जबरदस्ती करायची गरजच उरत नाही. मी ते पान परत परत वाचलं. १८६७ साली लंडनमध्ये बसून, म्युझियमच्या लायब्ररीत फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे रिपोर्ट वाचत हा माणूस जे लिहितोय ते मी फ्रॉकमध्ये असताना साखर पेठेच्या पलीकडं उभी राहून बघितलं होतं. छाट! रात्री अकरापर्यंत कंदिलावर विड्या वळणारी अक्का, आणि "कुणी सांगितलंय हिला एवढा वेळ बसायला" म्हणणारा तिचा नवरा. तिथनं मग मी कामाच्या दिवसाचं प्रकरण वाचलं, मग यंत्राचं, आणि खूप नंतर, खूप म्हणजे खूप नंतर, त्या वीस वार लिननकडं परत गेले आणि तेव्हा तो कोट मला थोडाथोडा कळायला लागला. सगळा अजून कळलाय असं म्हणत नाही.

पण कळायला लागलं की भांडणपण सुरू होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. माझ्या काउंटरला यंत्रमागवाले येतात. त्यातले बरेच असे की शेडमध्ये मोजके माग, रात्री कामगार आला नाही तर स्वतः उभा राहणार, सुताचा भाव वाढला की तोंड उतरलेलं, लाईट बिल हप्त्यात भरून घ्या म्हणून विनवणी, कर्ज थकून एनपीएला गेलं की मान खाली. हा मालक आहे. कागदावर भांडवलदार. मार्क्सनं आणि त्याचा साथीदार एंगल्सनं १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय की असे छोटे लोक हळूहळू मजुरात ढकलले जातील. माझ्यासमोर काही गेले, अक्कलकोट रोडला माग चालवणारा एकजण आज दुसऱ्याच्या गेटवर वॉचमन आहे. पण काही गेले नाहीत, काहींनी टॉवेलच्या धंद्यात उडी मारली आणि बंगले बांधले, आणि एकजण तर अक्कासारख्याच विडीवाल्या बाईचा पोरगा आहे. आता ह्याला मी कुठल्या प्रकरणात घालू? पुस्तक बाजूला ठेवून मी बऱ्याचदा मनातल्या मनात त्या दाढीवाल्याला म्हणते, बाबा, एकदा सोलापूरला येऊन बस माझ्या काउंटरला. पण हे म्हणायचा हक्क मला ते पुस्तक वाचल्यावर आला. नुसत्या वहीतल्या पानाशी भांडता येत नाही, कारण वहीतल्या पानावर उत्तर देणारं कुणी नसतं.

इथपर्यंत लिहिलं आणि तात्यांची आठवण आडवी आली.

तात्या गिरणीत होते, साचे खात्यात, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले. शिक्षण सातवी. कॅपिटल त्यांनी हातातसुद्धा धरलं नसेल. पण तरुणपणी युनियनचे अभ्यासवर्ग केलेले, रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना एका खोलीत बसून कुणीतरी शिकवलेलं, आणि ते त्यांना असं पाठ होतं की चहा पितापिता समजावून सांगायचे. "हे बघ, आठ तासाची पाळी. पहिल्या काही तासात मी जेवढं कापड काढलं त्यात माझा पगार निघाला. मग भोंगा का होत नाही? उरलेले तास कुणासाठी?" झालं. वरकड मूल्य. ह्याच्यापेक्षा सोपं मी कुठं वाचलेलं नाही. आणि हेच तात्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मागं चालायचे. एकदा कुणीतरी डिवचलं, "काय तात्या, धर्म अफूची गोळी म्हणता आणि इकडं यात्रेत?" तर शांतपणे म्हणाले, "अफू दुखण्यावरच घेतात की बे." मी नंतर बघितलं, १८४४ च्या त्या लेखात अफूच्या वाक्याच्या अगदी अलीकडंच मार्क्सनं धर्माला दबलेल्या जिवाचा उसासा म्हणलंय, हृदय नसलेल्या जगाचं हृदय म्हणलंय. तात्यांनी तो लेख वाचलेला असणं शक्यच नाही.

म्हणजे मूळ ग्रंथ वाचला तरच खरं, बाकी सगळं खोटं, असं काही मी म्हणू शकत नाही. तात्यांकडं जे होतं तेपण ऐकीवच, शेजारच्या पोराच्या वहीसारखंच. फरक कुठं आहे? मला वाटतं तात्यांच्या पायात प्रश्न आधी रुतलेला होता, पाळी संपायची वाट बघत उभं राहणाऱ्या पायात. उत्तर मागनं आलं. पोराकडं उत्तर आधी आलंय, वहीत नीट लिहून, आणि त्याला प्रश्न पडायच्या आत परीक्षा येणार आहे. त्याच्या बापाची रिक्षा आता ॲपवर चालते, दर फेरीमागं किती कापून घेतात ह्यावर घरात रोज रात्री चर्चा असते, मला भिंतीपलीकडनं ऐकू येतंय. एकविसावं प्रकरण त्याच्या दारात उभं आहे. त्याला ते दाखवायला पाहिजे होतं का मी? तेव्हा सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी त्यानं "हे सिलॅबसला नाही काकू" म्हणलं असतं, आणि ते बरोबरच असतं.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ह्यातलं प्रत्येक पुस्तक कुणाला तरी दिलेलं उत्तर असतंय. एसटीत शेजारचा माणूस फोनवर तावातावानं बोलत असतो तेव्हा आपल्याला एकच बाजू ऐकू येते, "अहो पण मी तसं म्हणलोच नव्हतो", "मग तुमच्या भावाला विचारा की", आणि पलीकडं कोण आहे, काय म्हणतंय हे कळल्याशिवाय तो माणूस आपल्याला उगाच भांडकुदळ वाटत राहतो. ग्रंथांचं तसंच आहे. पलीकडचा कोण, हे शोधायचं. काही लेखक इतके भले की त्यांनी पलीकडच्याला पुस्तकातच बसवलंय. फुल्यांचं गुलामगिरी, १८७३ चं, त्यात धोंडीबा आणि जोतीराव बोलतायत, धोंडीबा शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात. गांधींचं हिंद स्वराज्य तसंच, वाचक आणि संपादक. १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी हे गुजरातीत लिहिलं, उजवा हात दुखायला लागला तर डाव्या हातानं लिहिलं, आणि त्यातला वाचक म्हणजे बॉम्बवर विश्वास असलेला, घाईत असलेला तरुण आहे. लंडनमध्ये गांधींना अशी पोरं भेटलेलीच होती. पुस्तक हातात घेताना हे माहीत असलं की ते प्रवचन राहत नाही, त्या पोराला समजावायची धडपड दिसायला लागते आणि मध्येमध्ये तो पोरगाच जास्त बरोबर बोलतोय असं वाटतं. निदान मला वाटलं.

हिंद स्वराज्यावर मी मनापासून चिडलेय. रेल्वे वाईट, वकील वाईट, डॉक्टर वाईट, हॉस्पिटलं म्हणजे पाप वाढवायच्या संस्था. हे मी वाचत होते हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून, पुण्यात वडलांचं ऑपरेशन झालेलं, डब्यात जेवण आणि पिशवीत रिपोर्ट. कुर्डुवाडी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. ह्याच गांधींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन १९२४ च्या जानेवारीत पुण्यातच ससूनमध्ये इंग्रज डॉक्टरनं केलं, आणि ते त्यांनी करून घेतलं. मग पुस्तक फेकून द्यायचं का? १९२१ साली ते म्हणतायत की ह्यातला एक शब्द सोडला तर मी काहीच मागं घेत नाही, तोही एका बाईंच्या सांगण्याखातर. आणि १९३३ मध्ये आपल्या हरिजन साप्ताहिकात लिहितायत की माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा धरा. आता ह्या माणसाला अर्ध्या पानात कसं बसवणार? मी एवढंच केलं की डॉक्टरांवरचं प्रकरण तसंच राहू दिलं, माझ्या रागासकट, समासात पेन्सिलनं 'बाबांचं ऑपरेशन' एवढं लिहून ठेवलं. आणि मागं जाऊन परत वाचलं तर स्वराज्य म्हणजे इंग्रज जाऊन इंग्रजी राज्य तसंच राहणं नव्हे, वाघ नको आणि वाघाचा स्वभाव पाहिजे असं तुमचं चाललंय, हा भाग आला आणि तिथं मात्र मी गप्प झाले. आमच्या गावाची तर वेगळीच गंमत. १९३० च्या मेमध्ये गांधींना अटक झाली म्हणून सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, पुढच्या जानेवारीत चौघं फासावर गेले, ज्यांच्या पुतळ्यांपाशी आम्ही बसमधनं उतरतो. गांधींवरच्या प्रेमापोटी गावानं जे केलं त्यातलं किती गांधींच्या पुस्तकात बसतं? बरंचसं बसत नाही. प्रेम वाचनाच्या किती पुढं पळतं ते आम्हाला शाळेत कुणी अशा भाषेत सांगितलं नाही, आणि कदाचित बरंच झालं नाही सांगितलं ते.

गांधींच्या फोटोच्या घरातली मी, म्हणून आंबेडकर वाचताना माझी मैत्रीण म्हणाली होती, "तू हे चाचपडत वाचशील बघ, प्रत्येक पानाला तुला कुणाची तरी बाजू घ्यावीशी वाटेल." तिनं स्वतः तिच्या हातानं मला जातिनिर्मूलनाचं भाषण वाचायला दिलं आणि अट घातली की नुसतं भाषण वाचायचं नाही, पुढची-मागची सगळी पत्रं वाचायची. केवढी शहाणी अट. १९३६ सालचं हे भाषण, लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बोलावलं, मग लिहिलेलं बघून घाबरले, हे काढा ते बदला म्हणायला लागले, बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही, परिषदच रद्द झाली, तर ह्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यात संपल्या. आणि दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केलं तर गांधींनी हरिजनमध्ये केलेली टीका जशीच्या तशी छापली आणि खाली आपलं उत्तर दिलं. स्वतःच्या पुस्तकात विरोधकाला जागा! मला तर वाटतं कसं वाचावं ह्याचा ह्यापेक्षा मोठा धडा कुठल्या प्रोफेसरनं दिलेला नाही. मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरलं, गांधींचा मजकूर आला तेव्हा माझं मन त्यांच्यासाठी पुरावे गोळा करायला लागलं होतं, आणि बाबासाहेबांचं उत्तर वाचताना एकेक पुरावा गळून पडत होता, ते सहन करायला मध्ये एकदा उठून भांडी घासून आले मी. आता कुणी ह्या दोघांतल्या कुणाचंही एक वाक्य फोटोखाली टाकून ग्रुपवर पाठवलं की मला वाक्य पटतंय का नाही ते बाजूलाच राहतं, आधी वाटतं ह्याच्या आधीच्या ओळीत कोण काय म्हणालं होतं? विचारलं की ग्रुपवर शांतता. १९४९ च्या २५ नोव्हेंबरला संविधान सभेत बाबासाहेब बोललेच आहेत की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ह्या वाक्याचीसुद्धा फ्रेम करून लोक भिंतीला लावतात आणि हार घालतात.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या बाबतीत एक जपायचं, १८८९ मध्ये तो भ्रमिष्ट झाला आणि त्याच्या वह्या गेल्या बहिणीच्या हातात, त्यातनं १९०१ मध्ये द विल टू पॉवर नावाचं पुस्तक निघालं जे त्यानं तसं कधी लिहिलंच नव्हतं, म्हणून पुस्तक कुणी जुळवलंय ते आधी बघावं. डार्विनच्या नावावर खपणारं 'जो सगळ्यात लायक तो टिकतो' हे मुळात इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचं, डार्विननं ते ओरिजिन ऑफ स्पीशीजच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत उचललं. आणि फ्रॉइडच्या स्वप्नांच्या पुस्तकाच्या पहिल्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली, हे आमच्या गावच्या कवींनी वाचून धीर धरावा. सोप्या भाषेतली ओळख-पुस्तकं, यूट्यूबवरचे वीस मिनिटांचे व्हिडिओ ह्यांच्यावर माझा काही राग नाही, मीपण बघते, भाकऱ्या थापताना तर हमखास. पण आधी मूळ पुस्तकाची काही पानं, अडखळत का होईना, वाचून घेते आणि मग बघते. आधीच व्हिडिओ बघितला की त्या माणसाच्या आवाजातच पुस्तक ऐकू यायला लागतं आणि तो आवाज मग काही केल्या जात नाही. आणि न पटलेली जागा कधी खोडायची नाही, तिथं तारीख आणि कारण लिहून ठेवायचं. माझ्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या तर निम्म्या ठिकाणी आता मला उलटं वाटतंय.

सध्या फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचं द सेकंड सेक्स चाललंय, १९४९ चं. सुरुवातीला जीवशास्त्र आहे, तिथं नेहमीप्रमाणं रुतले आणि आता शहाणी झालेय म्हणून सरळ दुसऱ्या भागात लग्न झालेल्या बाईच्या प्रकरणात घुसले. तिथं बाई म्हणतात की घरकामाइतकं सिसिफसच्या (ग्रीक गोष्टीतला, दगड डोंगरावर ढकलत न्यायचा आणि तो परत खाली यायचा) शिक्षेसारखं दुसरं काम क्वचितच असेल, आज पुसलं ते उद्या परत मळणार, रोज तेच. अगदी खरं. सोलापुरात राहून फरशीवरची धूळ काय असते हे मला कुणी सांगायला नको. मी ते वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "ह्या बाईच्या घरी कामाला कोण होतं?" मी हसले, पण मग बघायला बसले तर ह्या बाई त्या काळात पॅरिसमध्ये बरीच वर्षं हॉटेलातल्या खोलीत राहत होत्या, कॅफेत बसून लिहायच्या, बाहेर जेवायच्या. म्हणजे घरकामातनं स्वतःला सोडवून घ्यायचा रस्ता त्यांनी काढला होता, आणि त्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं, हेही मला दिसतंय. पण हॉटेलच्या खोलीतल्या चादरी, टॉवेल कुणीतरी धूतच असणार की. ती बाई पुस्तकात कुठं आहे? आमच्या गावचे टॉवेल जगभर जातात, त्यातले बरेच हॉटेलातच जात असतील, त्यामुळं हा प्रश्न विचारायचा मला जरा जास्तच हक्क आहे असं मी समजते. सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "सापडली का गं तुझी ती चादरीवाली?" अजून तरी नाही, पण काम करणाऱ्या बाईवरचं प्रकरण शेवटाकडं आहे आणि मी अजून तिथं पोचलेले नाही.